औषध कंपन्या आणि वैद्यकीय महाविद्यालयं: रेघ नेमकी कुठे ओढायची?

निशिगंध

मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवते आहे. सध्या आमच्या महाविद्यालयात औषध आणि उपकरण कंपन्यांशी कसे संबंध ठेवायचे याची नियमावली लिहायचं काम चालू आहे, आणि त्या समितीत मी आहे. गेल्या बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी वैतागून म्हणाले, "कंपनीच्या एका फुकट पेनापायी मी विकला जाईन असं वाटतं का तुम्हाला?" सगळे गप्प झाले. मीही गप्प बसले. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. इथे डॉक्टर आहेत, औषधविक्रीत उमेदवारी केलेले आहेत, पेशंटच्या उशाशी रात्री काढलेले आहेत. म्हणून धागा काढते आहे.

सरांना मी म्हणायला हवं होतं, की नाही सर, तुम्ही विकले जाणार नाही. पण मिंधे व्हाल. मिंध्या माणसाने लाच घेतलेली नसते. त्याने कुणाचं तरी काहीतरी घेतलेलं असतं आणि त्यामुळे त्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्याला जड जातं, एवढंच. हितसंबंधांचा संघर्ष म्हटलं की लोकांना थेट भ्रष्टाचाराचा आरोप ऐकू येतो आणि चर्चा तिथेच बंद पडते. खरं तर संघर्ष ही एक परिस्थिती आहे. अत्यंत प्रामाणिक माणूसही त्या परिस्थितीत उभा असू शकतो, आणि आपला तोल कधी ढळला हे त्याचं त्यालाही कळत नाही.

अमेरिकेत २००१ साली छापून आलेली एक पाहणी मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं होतं, की कंपन्यांच्या भेटवस्तू आणि एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधींच्या, गाठीभेटींमुळे तुमच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये फरक पडतो का? ६१ टक्के म्हणाले, माझ्यावर काही परिणाम होत नाही. मग बाकीच्या डॉक्टरांवर होतो का? 'त्यांच्यावरही होत नाही' असं मानणारे फक्त १६ टक्के निघाले. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे, तिच्यासाठीच नियमावली लागते.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते हे नियम सगळ्यात आधी विद्यार्थ्यांसाठी हवेत, कारण हात तेव्हा वळतो. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या १४ वैद्यकीय महाविद्यालयांनी २००४ पर्यंत भेटवस्तूंवर बंधनं आणली होती. तिथे शिकून बाहेर पडलेले डॉक्टर पुढे प्रॅक्टिसमध्ये काय लिहून देतात ते संशोधकांनी तपासलं. बाजारात नव्याने आलेली मानसोपचाराची तीन औषधं घेतली. तिन्ही जुन्या औषधांच्याच घरातली, फारसा नवा फायदा सिद्ध न झालेली, पण जोरदार जाहिरात असलेली. बंधनांखाली शिकलेल्या डॉक्टरांनी जुनं सोडून लिसडेक्सॲम्फेटामाइन लिहिण्याची शक्यता ५६ टक्क्यांनी कमी होती, पॅलिपेरिडोनची ७५ टक्क्यांनी. तिसऱ्या औषधाच्या बाबतीत, म्हणजे डेसव्हेनलाफॅक्सिनच्या, लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे कॉलेजात असताना काय चालतं आणि काय चालत नाही, याची सवय डिग्रीबरोबर बाहेर जाते.

तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत. आक्षेप जास्त.

पायवाट

अकरा वर्षं एमआर होतो. कंपनीचं नाव घेत नाही, आता तो विषय मागे पडला आहे. पण ताई, तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला पहिल्या ट्रेनिंगमध्येच शिकवलं जायचं, फक्त उलट्या बाजूने.

आमच्याकडे डॉक्टरांच्या याद्या असायच्या. जास्त प्रिस्क्रिप्शन देणारे वरच्या यादीत, त्यांच्याकडे महिन्यातून अधिक चकरा. रेसिडेंट कुठल्याच हिशेबात बसायचे नाहीत, कारण त्यांच्या हातून तेव्हा विक्री होत नव्हती. तरीही वॉर्डात जा, त्यांना पुस्तक द्या, रात्रीच्या ड्युटीला काही लागलं तर बघा, असं सांगितलं जायचं. वरिष्ठ म्हणायचे, हा आज कुणीच नाही, पाच वर्षांनी याचं क्लिनिक असेल आणि तेव्हा दारात बाकीच्या कंपन्यांची रांग असेल. तुझं नाव त्याला आज पाठ झालं पाहिजे.

मला त्या मुलांबद्दल मनापासून वाटायचं. छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर त्यांची विचारपूस करणारा वॉर्डात मी एकटाच असायचो. माझी ती मैत्री खोटी नव्हती, आणि अडचण तीच होती. खोटी असती तर त्यांनी ओळखली असती.

पेनाबद्दल सांगतो. पेन हे आमचं साधन कधीच नव्हतं. पेनामुळे मिळायची ती दारातून आत जायची संधी. एकदा आत गेलं की दोन मिनिटांचं डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांना औषधाची माहिती सांगणं, आणि त्यात काय सांगायचं नाही हेही ठरलेलं असायचं. साइड इफेक्टबद्दल डॉक्टरांनी विचारलं तरच बोलायचं.

उंबरठा

मी सर्जन आहे आणि संशोधनही करतो. निशिगंध, तुम्ही आक्षेप मागितलेत म्हणून स्पष्ट लिहितो.

या सगळ्या चर्चेत उद्योग म्हणजे वॉर्डात फिरणारा एमआर, एवढंच चित्र डोळ्यासमोर ठेवलं जातं. इन्सुलिन घ्या. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९२२ मध्ये मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनवायची वेळ आली तेव्हा प्रयोगशाळेला ते जमत नव्हतं. एली लिली कंपनीशी करार करावा लागला, म्हणून ते रोग्यांपर्यंत पोचलं. ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात रोग्यांचं आयुष्य बदलून टाकणारं इमॅटिनिब २००१ मध्ये मंजूर झालं, तेही विद्यापीठातला डॉक्टर आणि कंपनी यांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केल्यामुळेच. भिंत बांधून ही औषधं आली नसती.

शिवाय माझ्या ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सांधा बदलताना उपकरण कंपनीचा माणूस हजर असतो. ट्रेमध्ये कुठला साइज कुठे आहे, नव्या इन्स्ट्रुमेंटचा क्रम काय, हे त्याला माहीत असतं. त्याला बाहेर काढणारा नियम समितीने केला तर माझ्या पेशंटचं नुकसान होईल. नियम लिहिणाऱ्या समितीत ओटीत उभा राहणारा कुणी आहे का?

चकोर

मला उंबरठा यांचं पटतं. आणि मधला मार्ग आहेच की. सगळं जाहीर करा. कुणाकडून किती घेतलं ते पहिल्या स्लाइडवर दाखवा, वेबसाइटवर टाका. अमेरिकेत कायदाच आहे ना तसा? लोक सुज्ञ आहेत, ते ठरवतील काय मानायचं.

निशिगंध

उंबरठा, समितीत सर्जन नाहीत. तुमचा मुद्दा मी उद्याच कळवते आहे. बाकीचं सविस्तर नंतर लिहीन.

चकोर, मलाही बरीच वर्षं हेच वाटायचं. माझं मत बदललं ते एका प्रयोगामुळे. २००५ साली केन, लोवेनस्टीन आणि मूर या तिघांनी तो प्रसिद्ध केला. एका बरणीत नाणी भरली. एक जण लांबून बरणी बघून रक्कम ओळखणार. दुसरा सल्लागार, त्याला बरणी जवळून नीट बघायला मिळणार. काही सल्लागारांना सांगितलं, की समोरच्याने जितका जास्त आकडा सांगितला तितके तुम्हाला पैसे जास्त. म्हणजे सरळ हितसंबंध. यातल्या निम्म्या ठिकाणी तो ओळखणाऱ्याला उघड सांगितला, निम्म्या ठिकाणी लपवला.

उघड सांगितल्यावर सल्लागार सावरून बोलतील असं वाटतं ना? झालं उलटं. ज्यांचा हितसंबंध जाहीर झाला होता त्यांनी आकडा आणखी फुगवून सांगितला. 'मी सांगून टाकलंय, आता त्याचं तो बघेल' असा एक परवानाच जणू मिळतो. आणि ऐकणाऱ्यांनी थोडी वजावट केली खरी, पण पुरेशी नाही. शेवटी नुकसान ऐकणाऱ्याचं जास्त झालं.

वर्गात हेच होतं. प्राध्यापक पहिल्या स्लाइडवर सात कंपन्यांची नावं दोन सेकंद दाखवतात आणि पुढे जातात. विद्यार्थ्याने त्या माहितीचं करायचं काय? त्याला विषयच अजून येत नाही, तर वजावट किती करायची हे कुठून कळणार?

आणि तुम्ही म्हणता तो कायदा २०१० चा सनशाइन ॲक्ट. १ ऑगस्ट २०१३ पासून नोंदी सुरू झाल्या, ३० सप्टेंबर २०१४ ला पहिल्यांदा लोकांसमोर आल्या. चांगला कायदा आहे, मी त्या नोंदी नेहमी बघते. पण त्यात रेसिडेंट डॉक्टरांना दिलेलं नोंदवावं लागत नाही, आणि विद्यार्थ्यांना दिलेलंही नाही. पायवाट ज्या मुलांबद्दल लिहितायत ती त्या कायद्याला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी महाविद्यालयाचा नियम सोडून दुसरं काहीही नाही.

शेवटचा_बाक

मी थर्ड इयरला आहे. वाचत होतो, पण हे वाचून लिहावंसं वाटलं.

हार्वर्डचं प्रकरण आमच्या सीनिअरने सांगितलं होतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची संघटना कॉलेजांच्या धोरणांना शाळेसारखी ग्रेड द्यायची. २००८ मध्ये हार्वर्डला एफ मिळाली होती. नापास! तिथे कोलेस्टेरॉलच्या औषधांबद्दल शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी साइड इफेक्ट विचारणाऱ्या विद्यार्थ्याला झिडकारल्यासारखं केलं. मग मुलांनी शोधलं तर ते दहा कंपन्यांचे सल्लागार निघाले, त्यातल्या पाच कोलेस्टेरॉलची औषधं बनवणाऱ्या. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि २०१० मध्ये नियम कडक झाले.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमच्या डिपार्टमेंटला पुढच्या आठवड्यात एक कार्यक्रम आहे, कंपनीचा खर्च, कंपनीने बोलावलेले वक्ते. हजेरी घेतात. नाही गेलो तर सर विचारतील.

पायवाट

बाळा, जा. पण वक्त्यांनी सांगितलेल्या औषधाची तुलना कशाशी केली ते लिहून घे. औषध नसलेल्या डमी गोळीशी केली की आधीच्या चांगल्या औषधाशी केली? आम्हाला त्या एका प्रश्नाची भीती वाटायची.

माजघर

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, चोवीस वर्षांचा आहे आता. रक्त दर काही आठवड्यांनी, आणि साठणारं लोह काढायला औषध रोज. त्यामुळे नॅन्सी ऑलिव्हिएरींचं नाव आमच्यासारख्या घरांमध्ये आदराने घेतलं जातं. इथे त्यांचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहिते.

त्या टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर. डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या गोळीच्या चाचण्या त्या करत होत्या, पैसे ॲपोटेक्स कंपनीचे. लोह काढायचं इंजेक्शन रोज तासन् तास पंपावर घ्यावं लागतं, त्यामुळे गोळी यशस्वी व्हावी असं त्यांनाही वाटत होतं. पण काही रोग्यांमध्ये गोळीचा परिणाम टिकत नाही असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी रोग्यांना ते सांगायचं ठरवलं. १९९६ मध्ये कंपनीने चाचण्या थांबवल्या आणि गुप्ततेच्या कलमावर बोट ठेवून कोर्टाची धमकी दिली.

त्यावेळी त्यांच्या संस्थांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. ते पुरेसं झालं नाही. आणि त्याच काळात विद्यापीठाची त्याच कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी चालू होती. पुढे २००१ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने ऑलिव्हिएरींची बाजू योग्य ठरवली. मधली वर्षं मात्र कुणी परत देत नाही.

गोळी चांगली की वाईट यावर अजूनही डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत, आणि आज ती काही रोग्यांना दिलीही जाते. माझं म्हणणं त्याबद्दल नाहीच. तुम्ही सगळे पेन, जेवण, एमआर यावर बोलताय. मला आई म्हणून भीती वाटते ती याची, की डॉक्टरने खरं सांगायचं ठरवलं आणि संस्थाच मिंधी असली तर? त्याचा नियम तुमच्या नियमावलीत आहे का?

रानवारा

माजघर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. असाच दुसरा दाखला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. १७ सप्टेंबर १९९९ ला जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या, म्हणजे जनुकांवरच्या उपचाराच्या, चाचणीत दगावला, इंजेक्शननंतर चार दिवसांत. त्या संस्थेचे प्रमुख संशोधक जेनोव्हो या कंपनीचे संस्थापक होते आणि विद्यापीठाचाही तिच्यात हिस्सा होता. मृत्यू त्यामुळे झाला असं कुणी म्हणू नये. पण चाचणीला परवानगी देणारे, करणारे आणि फायदा होणारे एकाच छपराखाली असले, तर थांबा म्हणणार कोण?

निशिगंध

माजघरताई, खरं उत्तर देते. नाही, तो नियम आमच्या मसुद्यात नव्हता. संस्थेचे स्वतःचे हितसंबंध, म्हणजे देणग्या, इमारतींना दिलेली नावं, शेअर, रॉयल्टी, यावर एक ओळही नव्हती. आम्ही सगळं लक्ष माणसांवर ठेवलं होतं, आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आता दोन गोष्टी लिहून देणार आहे. एक, कंपनीशी संशोधनाचा करार करताना रोग्यांना धोका सांगण्याचा आणि निष्कर्ष छापण्याचा हक्क संशोधकाकडेच राहील. हा हक्क काढून घेणारं कलम असलेल्या करारावर महाविद्यालय सही करणार नाही. दुसरी, ज्या कंपनीशी देणगीची बोलणी चालू आहेत तिच्या चाचणीबद्दल वाद उठला, तर चौकशी बाहेरच्या लोकांकडे जाईल.

उंबरठा, आता तुमच्याकडे वळते. इन्सुलिन आणि इमॅटिनिब दोन्ही मान्य. मला भिंत नकोच आहे. प्रयोगशाळेतला करार वेगळा आणि वर्गात, वॉर्डात चालणारी विक्री वेगळी. पहिल्यात लेखी अटी असतात, तपासता येतं. दुसऱ्यात काहीच लिहिलेलं नसतं, तिथेच मिंधेपणा वाढतो. आमच्या मसुद्यात या दोन्हींना एकच नियम लावला होता, ती चूक दुरुस्त करू.

उंबरठा

हे वेगळं करताय हे चांगलं आहे. पण आकडेवारीबद्दल मी अजून साशंक आहे. जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेला मोठा अभ्यास तुम्ही वाचला असेलच. १९ शैक्षणिक रुग्णालयं, एमआरवर बंधनं आणल्याआधीची आणि नंतरची प्रिस्क्रिप्शनं. जाहिरात होणाऱ्या औषधांचा वाटा सरासरी १९.३ टक्के होता, तो १.६७ टक्क्यांच्या फरकाने घटला. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

निशिगंध

वाचला आहे, आणि त्यातलीच एक गोष्ट तुम्ही सोडलीत. त्या १९ पैकी ११ ठिकाणी तीन गोष्टी एकत्र होत्या: भेटवस्तूंवर बंधन, एमआरच्या प्रवेशावर बंधन, आणि नियम मोडला तर काय होईल हे स्पष्ट लिहिलेलं. त्या ११ पैकी ८ ठिकाणी लक्षणीय फरक दिसला. उरलेल्या ८ ठिकाणांपैकी फक्त एका ठिकाणी दिसला. म्हणजे सरासरी लहान दिसते ती ढिले नियमही त्यात मोजल्यामुळे. नुसता कागद काढून फरक पडत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातही कागदावर नियम होतेच की. २००८ मध्ये सेनेटर ग्रासली यांच्या चौकशीत तिथल्या मानसोपचार विभागप्रमुखांनी २००० ते २००७ या काळात कंपन्यांकडून २८ लाख डॉलरहून जास्त घेतले आणि त्यातले किमान १२ लाख विद्यापीठाला कळवले नाहीत, असं बाहेर आलं. विद्यापीठाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पडताळणी कुणी केलीच नव्हती.

उंबरठा

८ आणि १. हा तक्ता मी नीट पाहिला नव्हता, आता पुन्हा वाचतो.

ओटीपुरतं मी सुचवू का? कंपनीचा माणूस आत येईल तो सर्जनने नाव देऊन बोलावल्यावर आणि त्या एका शस्त्रक्रियेपुरता. पेशंटला आधी सांगून, त्याची संमती घेऊन. आत असताना नव्या उत्पादनाबद्दल बोलणार नाही. आणि रेसिडेंटला इम्प्लांट शिकवायचं काम माझं, त्याचं नाही. यातलं शेवटचं मी स्वतः आजवर पाळलेलं नाही. कामाच्या घाईत त्यालाच सांगितलं आहे, "जरा याला दाखव." हा धागा वाचताना ते आठवलं आणि बरं वाटलं नाही.

चकोर

मी माझं मत अर्धं बदललं. जाहीर करणं हवंच, पण त्याने पुरत नाही, इथवर आलो.

शेवटचा_बाक

पायवाटकाका, कार्यक्रमाला जाऊन आलो. तुलना डमी गोळीशीच होती. मी हात वर करून विचारलं, आधीच्या औषधाशी तुलना झाली आहे का. वक्ते म्हणाले, तो अभ्यास चालू आहे. सर काहीच बोलले नाहीत, पण बाहेर पडताना थांबवून म्हणाले, प्रश्न बरोबर होता. जेवायला आम्ही चौघे थांबलो नाही. मेसमध्ये गेलो.

पायवाट

शाब्बास. निशिगंधताई, मसुद्यात एमआरचा भाग असेल तो मला पाठवा. पळवाटा कुठून काढतात ते मला माहीत आहे, एकेक दाखवून देतो.

निशिगंध

पाठवते, आज रात्रीच. उंबरठा, तुमचा ओटीचा परिच्छेद जसाच्या तसा घेते आहे. 'शिकवण्याचं काम शिक्षकाचंच' हे वाक्य ओटीपुरतं न ठेवता वॉर्ड आणि वर्गालाही लावते. माजघरताई, बाहेरच्या चौकशी समितीत रोग्यांच्या बाजूने एक जण असावा असं घालते आहे. बैठक गुरुवारी आहे. तिथे काय झालं ते इथेच येऊन लिहीन.